बंदूक जमा करण्याआधी

सुरंगी म्हटलं की आपल्याला आधी फूल आठवतं. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात सुरंगीचे वळेसर यायला लागतात आणि बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईच्या केसांतून येणारा तो वास पणजीपासून म्हापशापर्यंत सोबत करतो. आज लिहितोय ती सुरंगी मात्र फुलाची नव्हे. दादरा नगर हवेलीत सिल्वासाच्या बाजूला या नावाचं एक गाव आहे. माझ्या धाकट्या बहिणीला सिल्वासाला दिली आहे. भावोजी तिथे एका कारखान्यात आहेत. त्यांच्या ओळखीने गेल्या दिवाळीत त्या गावातल्या एका घरी जाणं झालं, आणि तिथे एक बंदूक पाहायला मिळाली.

एकनळी, ठासणीची, उभी धरली तर माझ्या खांद्याच्या वर जाईल एवढी लांब. नळीचं तोंड असं रुंद की माझा अंगठा सहज आत गेला. घरातले काका सत्तरी ओलांडलेले. म्हणाले, "आता जमा करून टाकणार. मुलगा वापीला असतो, त्याला नको आहे. परवान्याचे हेलपाटे कोण घालणार?"

मी सरकारी कारकून. मधली काही वर्षं परवान्यांच्या टेबलावर काढलेली. 'जमा करून टाकतो' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते ऐकताच हात आपोआप रजिस्टरकडे जातो. बंदूक आली की पावती द्यायची, नोंद करायची, परवान्यावर 'रद्द' असा शिक्का मारायचा. बंदूक एका खोलीत जाते, तिथे गंजते आणि कधीतरी इतर लोखंडाबरोबर मोडीत निघते. परवान्याची नस्ती मुदत संपली की रद्दीत. रजिस्टरात काय उरतं? 'ठासणीची बंदूक, जुनी, १ नग.' वाचकहो, शंभर-सव्वाशे वर्षांच्या वस्तूचं हे एवढंच चरित्र. माझी तक्रार बंदूक जमा करण्याबद्दल नाहीच. ती नोंदीच्या या एका ओळीबद्दल आहे.

सुरंगीची बंदूक वेगळी का, हे समजण्यासाठी 'बोअर' म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. आपण बारा बोअर, बारा बोअर म्हणतो, पण हे बारा कशाचे? हिशोब जुना आणि गमतीचा आहे. एक पौंड शिसं घ्यायचं आणि त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या ओतायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. म्हणजे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. बारा बोअरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची. आठ बोअरची एकवीस मिलिमीटरच्या थोडी वर, आणि तिची गोळी ५७ ग्रॅमच्या आसपास. चार बोअर तर जवळपास २७ मिलिमीटर; तिची एकेक गोळी पाव पौंडाची, म्हणजे ११३ ग्रॅम! सॅम्युएल बेकर नावाचा इंग्रज शिकारी एकोणिसाव्या शतकात याहूनही मोठी, अर्धा पौंडी गोळा फेकणारी बंदूक घेऊन आफ्रिकेत हिंडला. तिला तो लाडाने 'बेबी' म्हणायचा, आणि ती उडवताना त्यालाच धास्ती वाटायची.

अशा रुंद नळीच्या बंदुका दोन कामांसाठी बनत. काडतुसं आणि धूर न करणारी दारू येण्यापूर्वी हत्ती-गव्यासारखं जनावर पाडायचं तर जड शिशाशिवाय इलाज नव्हता. आणि दुसरं म्हणजे पाणपक्षी. लांब नळी, मूठभर छर्रे, आणि पाण्यावर बसलेला बदकांचा अख्खा थवा. काकांच्या घरी सांगतात की या बंदुकीने आजोबांनी वाघ मारला. आता, ज्या घरात जुनी बंदूक आहे त्या घरात आजोबांनी वाघ मारलेलाच असतो, हा माझा टेबलावरचा अनुभव! पण ती नळी पाहिल्यावर मला वाटलं, ही वाघाची नव्हे, दमणगंगेच्या काठची बदकांची बंदूक. काकांना मी तसं बोललो नाही. पाहुणा होतो.

बंदुकीचा माग काढायचा म्हणजे काय, तर आधी नळीवरचे शिक्के वाचायचे. दस्त्यावरची नक्षी फसवते, दुकानदाराचं नावही फसवतं. कलकत्त्याच्या मँटन किंवा रोडा कंपनीचं नाव असलेल्या किती तरी बंदुका घडवल्या गेल्या इंग्लंडात. इथे त्यांच्यावर फक्त नाव पडलं. शिक्के मात्र सहसा खोटं बोलत नाहीत. युरोपात नवी नळी सरकारमान्य परीक्षागृहात नेऊन, तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत. फुटली नाही तर शिक्का. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ चं. बेल्जियममधल्या लिएज शहराचा शिक्का म्हणजे अंडाकृतीत ई, एल, जी ही तीन अक्षरं. या अंडाकृतीवर १८९३ पासून मुकुट आला. त्यामुळे मुकुट नसेल तर नळी त्याआधीची, असला तर नंतरची. इतकं सोपं.

काकांच्या बंदुकीचा दस्ता नळीपासून थोडा सैल झालेला होता. टॉर्च मारून पाहिलं तर नळीच्या पोटाशी ती अंडाकृती दिसली. मुकुट नाही. शेजारी २१.१ असा आकडा. म्हणजे नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये, जवळपास आठ बोअर. घडवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. लिएजमध्ये त्या काळी अशा बिननावाच्या स्वस्त बंदुका ढिगांनी बनत आणि जगभरच्या वसाहतींत जात. कोणी नळी करी, कोणी घोडा, कोणी दस्ता. बहुतेक कामं घरोघरी चालत. लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडच्या बंदुकीचा क्रमांक कळवला तर कंपनीच्या जुन्या वह्यांतून ती कोणासाठी, कुठल्या साली बनवली ते निघू शकतं. म्हणूनच जगातल्या हौशी संग्राहकांच्या उड्या त्यांच्यावर पडतात. बिननावाच्या बंदुकीला अशी वही नाही. तिची वही असलीच तर ती आपल्या दप्तरात.

आणि इथेच सुरंगीची गोष्ट रंगत जाते. हे गाव कुठे आहे ते नकाशावर पाहा. पेशव्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचं 'सांताना' जहाज पकडलं होतं. पुढे १७७९ च्या तहानुसार नुकसानभरपाई म्हणून नगर हवेलीचा महसूल पोर्तुगिजांना मिळाला, आणि १७८३ मध्ये ती गावं त्यांच्याकडे गेली. म्हणजे एका अर्थी मराठ्यांनीच दिलेला हा मुलूख. पण तो समुद्रापासून तुटलेला. दमण आणि नगर हवेली यांच्या मधे आधी मराठ्यांचा आणि नंतर ब्रिटिशांचा प्रदेश. दमणच्या बंदरात उतरलेली कुठलीही वस्तू सुरंगीला पोचायची तर परक्या हद्दीतूनच.

मिठाची गोण किंवा कापडाचा तागा गेला तर एक वेळ ठीक. पण बंदूक? १८७८ साली ब्रिटिशांनी हिंदुस्थानात हत्यारांचा कायदा आणला, आणि त्याच वर्षी पोर्तुगालशी व्यापाराचा करार केला. पोर्तुगीज मुलखातून शस्त्रं आणायला किंवा तिकडे पाठवायला खास परवाना लागेल असं ठरलं. नगर हवेलीकडे जाणाऱ्या वाटेलाही हाच नियम लागू राहिला. म्हणजे त्यानंतर सरळ मार्गाने नगर हवेलीत आलेल्या प्रत्येक बंदुकीमागे एक कागद असायला हवा. वाकड्या मार्गाने आलेलीबद्दल काय बोलावं, नदी रात्रीही वाहते.

हा कागद नुसता कारकुनी नव्हता बरं का. जुलै १९५४ मध्ये दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झालं. त्यात आपले गोव्याचे लोक होते, आणि पुण्याहून आलेले सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजाभाऊ वाकणकर होते. दमणहून कुमक पाठवायला भारताने वाट दिली नाही, म्हणून पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. निकाल आला १२ एप्रिल १९६० रोजी. न्यायालय म्हणालं की खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना नेण्याचा पोर्तुगालचा हक्क १९५४ मध्ये होता. पण सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना नेण्याचा नव्हता. कशावरून? तर या सगळ्यांना आधीपासून दर वेळी परवानगी लागत आली होती यावरून. जुने करार, नियम, पत्रं, परवाने कोणी तरी जपून ठेवले होते म्हणून. कुठल्याशा कचेरीत कुठल्याशा कारकुनाने केलेल्या नोंदी हेगला जाऊन देशाच्या कामी आल्या. आमच्या जातभाईंचा (कारकुनांची एक जात मानली तर) असा मान क्वचितच होतो.

आता काकांच्या घरातला कागद. परवान्याचं एक जुनं पुडकं त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. वर भारत सरकारच्या काळातले परवाने, त्यांच्या खाली पोर्तुगीजमधला एक, घडीवर फाटलेला, शाई तपकिरी झालेली. मला पोर्तुगीज तोडकंमोडकं येतं, वडिलांच्या पिढीकडून कानावर पडलेलं. गावाचं नाव, आजोबांचं नाव, नळ्यांची संख्या एक, एवढं मी वाचलं. काकांना या कागदात काय आहे ते आयुष्यात कोणी वाचून दाखवलं नव्हतं. आजोबांचं पूर्ण नाव त्यांनी दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. घरात दुसरीकडे कुठेही ते लिहिलेलं नाही. फोटो तर नाहीच.

बंदूक जमा केली असती तर जुन्या कागदांचं ते पुडकंही बरोबर गेलं असतं. कारण आमच्या टेबलावरून आम्ही सांगतो, "मूळ परवाने जोडा."

आपल्या गोव्यात तरी याचं मोल कळायला हवं. बंदुकीशी आपलं नातं फार जुनं आहे. गोवा घेतल्यावर तीनच वर्षांनी, १५१३ मध्ये, अफोन्सो द आल्बुकेर्कने आपल्या राजाला कळवलं की इथले बंदूक घडवणारे कारागीर बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे आहेत. पुढे १५४३ साली पोर्तुगिजांबरोबर बंदूक जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली. त्या बंदुकीची कळ गोव्या-मलाक्याकडच्या बंदुकांच्या जातीची होती असं या विषयातले बरेच जाणकार मानतात. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे आपले शब्द पोर्तुगीजातून आले. आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गाद यांनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा ग्रंथ लिहिला, तो अशा शब्दांसाठी आजही उघडावा लागतो. शब्द आपण जपले. पण ज्या लोहारांचं राजापर्यंत कौतुक गेलं त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव आपल्यापैकी कोणाच्या तोंडी आहे? सत्तरीत १८५२ मध्ये दिपाजी राणे उठले, १८९५ मध्ये पुन्हा बंड झालं. त्या माणसांच्या हातातल्या बंदुका कुठून आल्या, कोणी दुरुस्त केल्या? त्यातली एखादी आजही कुणाच्या माळ्यावर असेल, आणि पुढच्या निवडणुकीत जमा झाली की परत आणायला कोणी जाणार नाही.

माग काढणं अवघड असतं म्हणावं, तर सरकारला गरज पडली तेव्हा ते काही अडलं नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या. ब्राउनिंग पिस्तुलाचा माग काढत पोलीस थेट लंडनपर्यंत गेले. चतुर्भुज अमीनने पेटीच्या चोरकप्प्यातून आणलेली वीस पिस्तुलं आणि ती पाठवणारे सावरकर, सगळा धागा उलगडला. शिक्षा देण्यासाठी जेवढे कष्ट घेतले, त्याच्या शतांश कष्ट एका म्हाताऱ्याची बंदूक कोणाची, कुठली, कधीची हे लिहून ठेवायला घेतले तर बिघडलं कुठे?

कचेरीतले माझे मित्र म्हणतात, "अरे, हत्यार आहे ते! कौतुक कसलं?" त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. ठासणीच्या बंदुकांनी रानात अजूनही चोरटी शिकार होते, रात्री डुक्कर समजून माणसावर बार होतो, जुनी नळी फुटून बोटं जातात. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या त्या जुन्या वेलबुट्टीच्या नळ्या आजच्या काडतुसाचा दाब सोसू शकत नाहीत. शिकारीचं कौतुक तर मला मुळीच नाही. भरतपूरच्या सरोवरावर १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारले, आणि तो आकडा दगडावर कोरून ठेवला. सिल्वासा-खानवेल रस्त्यावर वासोणा इथे आज सिंह दिसतात ते गीरचे, कुंपणातले. मोठ्या नळीच्या बंदुकांनी रानाचं काय केलं, हाही त्या बंदुकीच्या चरित्रातलाच भाग आहे. तोही लिहायला हवा.

कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून. त्यामुळे पुष्कळ घरांतून आजोबांची बंदूक आधी बाहेर पडली, कारण ती चालत नाही. २०२० मध्ये केंद्राने क्युरिओ या प्रकारातल्या जुन्या शस्त्रांना सवलत दिली. ती नुसती बाळगायला परवाना नको, पण वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला हवाच. ही सवलत गावात कोणाला ठाऊक नाही, आणि आपली बंदूक तीत बसते की नाही हे विचारायला माणूस कचेरीत गेला तर त्याला सगळ्यांत सोपी वाट दाखवली जाते, जमा करण्याची. दुसरीकडे जुन्या वस्तूंचे दलाल. नामांकित विलायती बंदुकीला ते मोठी रक्कम मोजतात, पण कागद बघतसुद्धा नाहीत, आणि बिननावाची असेल तर तिचे पितळी भाग काढून बाकीचं भंगारात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला मनाई आहे, हेही त्यांच्याकडून कोणी ऐकलेलं नाही. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात राजांच्या बंदुका काचेत आहेत, ते छानच आहे. पण सुरंगीच्या शेतकऱ्याची बंदूक कुठल्या काचेत आहे?

मी मागतो ते फार नाही. जमा झालेली प्रत्येक बंदूक मोडीत काढण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या एका माणसाने पाहावी. शिक्क्यांचे फोटो घ्यावेत. जुन्या परवान्यांची प्रत मालकाला द्यावी आणि मूळ कागद पुराभिलेखागारात पाठवावेत. पणजीला दमणच्या पत्रव्यवहाराची बाडं आहेतच, त्यांच्या शेजारी हे शोभतील. जिल्ह्यामागे दहा-वीस बंदुका कायमच्या निकामी करून स्थानिक संग्रहालयात ठेवाव्यात, ज्याची त्याची नावं लिहून. याला नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरे. परिपत्रकं आम्ही याहून क्षुल्लक गोष्टींसाठी रोज काढतो.

ते निघेपर्यंत, ज्यांच्या घरी अशी बंदूक असेल त्यांना एक विनंती. आधी ती भरलेली नाही याची खात्री करून घ्या. ठासणीच्या बंदुकीत पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला असू शकतो. जाणकार माणूस नळीत गज घालून तोंडाशी खूण करतो आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहतो. खूण मागच्या टोकाला पुरत नसेल तर आत काहीतरी आहे. हे स्वतः करू नका, परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून करवून घ्या. मग नळीवरच्या प्रत्येक खुणेचा फोटो काढा, नळीची लांबी आणि तोंडाचा व्यास लिहा. बंदूक घरात कशी आली याबद्दल थोरले जे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा, वाघासकट. आणि सगळे परवाने दोन्ही बाजूंनी झेरॉक्स करून ठेवा. मागची बाजू विसरू नका. नूतनीकरणाचे शेरे, बदलीचे शिक्के तिथे असतात, आणि बऱ्याचदा आजोबांचा अंगठाही.